सीलबंद नमुना

प्रिय वहिनी,

माझं अक्षर पाकिटावर बघून आधी तू चिमणीला फोन लावशील आणि आत्याचं काही बरंवाईट तर झालं नाही ना, असं विचारशील. तसं काही नाही. मी धडधाकट आहे, दोन वेळा जेवते, झोपही लागते, म्हणजे झोपेचं थोडं खोटं आहे. फोनवर बोलता आलं असतं. गेल्या चार दिवसांत तीनदा तुला फोन लावला आणि तिन्ही वेळा चिमणीच्या परीक्षेवर आणि तुझ्या गुडघ्यावर बोलून ठेवून दिला. समोर यावं म्हटलं, तर दार उघडताच तू 'आलात का नणंदबाई, सोडलं का ऑफिसने' म्हणणार, पाण्याचा पेला हातात देणार, आणि मग माझी जीभ काही रेटायची नाही. म्हणून लिहायला बसले. तेही हाताने. टाइप करायला बसले की माझी बोटं आपसूक 'उपरोक्त विषयास अनुसरून' असं सुरू करतात, आणि त्या भाषेत माणसाला काय वाटेल ते लपवता येतं. मी लपवलंय. तीन वर्षं, त्याच भाषेत.

तुझा अर्ज सोमवारी टेबलावर आला. तू मला आधी काही बोलली नव्हतीस. एका साबणवाल्याचा आणि एका छत्रीवाल्याचा, अशा दोन कागदांच्या मधे तो होता. वरचं अक्षर ओळखीचं वाटलं म्हणून थांबले. निर्यातदार म्हणून केलेली नोंदणी रद्द करावी, अशी विनंती. खाली कारणासाठी चौकट असते, तिच्यात लोक काय काय लिहितात. जागेची अडचण, भागीदाराशी बिनसलं, मुलाला नोकरी लागली. तू लिहिलंस, 'हात राहिला नाही.' आमच्या कारकुनाने विचारलं, मॅडम, हे आजारपणात धरायचं का? मी त्याला काहीतरी सांगून वाटेला लावलं. त्याच संध्याकाळी चिमणीचा फोन. म्हणाली, आईने सुताराला सांगून टाकलंय, महिन्याच्या शेवटी येऊन बाक घेऊन जा. बायकांना दुसरीकडे काम बघायला सांगितलंय. आणि रडत म्हणाली, "आत्या, आई म्हणते माझा हातच गेला. कधी होता तेच आता आठवत नाही म्हणते." त्या अर्जावर शुक्रवारपर्यंत माझी सही हवी होती. सही झाली की ब्रशचा कारखाना बंद. म्हणजे गोष्ट माझ्या पेनाशी येऊन थांबली, आणि मला त्या पेनाला हात लावायची हिंमत होत नव्हती.

तुला आठवतं, चिमणी लहान असताना विचारायची, आत्या ऑफिसात काय करते? दादा सांगायचा, आपल्या गल्लीत बनलेली वस्तू समुद्रापलीकडच्या दुकानात नेऊन ठेवते. मग चिमणी मला विचारायची, तू पोहत जातेस का. देशभरातल्या छोट्या कारखान्यांना बाहेरचं गिऱ्हाईक मिळवून द्यायचं, एवढं मोठं काम करणारी कचेरी, आणि तिचं असं एका वाक्यात वर्णन आमच्या साहेबांनाही जमलेलं नाही. आम्हाला त्यासाठी पत्रकात दोन पानं लागतात. दादाला माझ्या नोकरीचा किती अभिमान होता. मला त्याच्या कामाचा होता का, हा प्रश्न मी स्वतःला कधी सरळ विचारला नाही. आज विचारणार आहे. पण आधी जरा त्याच्याबद्दल लिहू दे. तेवढं लिहिल्याशिवाय पुढचं लिहायला बळ येणार नाही.

तो बाकावर बसायचा तसा मला अजून दिसतो. लाकडाची पट्टी, तिच्यात ओळीने पाडलेली भोकं, एका बाजूला तारेचं भेंडोळं आणि दुसऱ्या बाजूला घोड्याच्या केसांच्या जुड्या. खालून तारेचा फास वर काढायचा, त्यात जुडी अडकवायची आणि एक हिसका. जुडी भोकात दुमडून बसली की पुढचं भोक. एका ब्रशला दीडशेच्या वर भोकं, आणि प्रत्येक हिसका तेवढाच, ना जास्त ना कमी. लहानपणी मी समोर पाय हलवत बसायचे आणि हात मळू नयेत म्हणून ते मांडीखाली दाबून ठेवायचे. तेव्हापासून त्याने माझं नाव 'साहेब' ठेवलं. डावखुरा होता, म्हणून हिसका डावीकडे. शाळेत मास्तरांनी त्याच्या डाव्या हातावर इतक्या पट्ट्या मारल्या, पण त्या हाताने शेवटपर्यंत ऐकलं नाही. तू लग्न होऊन आलीस आणि त्याच्या समोर बसून शिकलीस. शेजारी बसून शिकायला गेलीस तेव्हा सगळंच उलटं दिसायचं आणि तार बोटात घुसायची. मग एक दिवस बाकाच्या पलीकडे जाऊन बसलीस आणि आरशात बघावं तसं शिकत गेलीस. त्याची डावी बाजू, तुझी उजवी. मी एकदा सुट्टीत आले होते, तेव्हा तुम्ही दोघं बोलत नव्हतात, भांडण झालं होतं कशावरून तरी, आणि तरी दोघांचे हात एका तालात एकाच बाजूला जात होते. मला हसू आलं होतं. तेव्हा नुसतं गमतीचं वाटलं.

आता ते, जे तुला माहीत नाही. दादाने एकदा आमच्या कचेरीत ब्रश आणले होते. आठ वर्षांपूर्वी, मी नोकरीला लागून जेमतेम आठ महिने झाले होते. त्याने तुला सांगितलं नसणार. काम झालं की सांगू, असा त्याचा स्वभाव. तीन ब्रश, त्याच्या जुन्या शर्टाच्या कापडात गुंडाळलेले, तिन्ही एकसारखे. नमुने तीनच लागतात, एक परदेशातल्या गिऱ्हाइकाला, एक कचेरीच्या कपाटात आणि एक परत कारागिराला, हे त्याने कुठूनतरी विचारून घेतलं होतं. अर्जही भरून आणला होता. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत अगदी कडेला बसला, इतर लोक बसतात तसा, आणि मला 'मॅडम' म्हणाला. शेजारच्या टेबलावरच्या बाईने विचारलं, ओळखीचे आहेत का? मी म्हटलं, आमच्या भागातले आहेत.

वहिनी, हे वाक्य लिहून मी उठून खिडकीपाशी जाऊन आले.

मी अर्ज घेतला, ब्रश घेतले आणि सगळं खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. मनाची समजूत घातली की नात्यातल्या माणसाचं काम आधी केलं असं कुणी म्हणायला नको, जरा वेळ जाऊ दे. हे कारण अगदीच खोटं नव्हतं. माझ्या आधीच्या अधिकाऱ्याची मेहुण्याच्या प्रकरणात चौकशी झाली होती आणि आम्ही सगळेच नवे लोक जपून वागत होतो. पण त्याच्याखाली दुसरं कारण होतं आणि ते मला तेव्हाही माहीत होतं. मला लाज वाटत होती. कॉलेजातून आलेल्या, कडक इस्त्रीच्या लोकांमध्ये माझा भाऊ ब्रश बनवतो हे कळायला नको होतं. एकदा तुमच्याकडे जेवताना त्याने विचारलं, "आमच्या त्या कामाचं काय झालं गं, साहेब?" तू वाढायला आत गेली होतीस. मी म्हटलं, नियमाने होईल दादा. त्याने मान हलवली आणि पुन्हा कधी विचारलं नाही. दोन वर्षांनी तो गेला. अर्ज आणि ब्रश ड्रॉवरमध्ये तसेच.

त्यानंतर तू जे केलंस त्याचं मला अजून नवल वाटतं. वर्षभर कारखान्याला कुलूप होतं, आणि मग एक दिवस तू ते उघडून पाच बायकांना समोरासमोर बसवलंस. त्यांतल्या मावशींसारख्या साठीच्या बाईलाही तू नव्याने शिकवलंस. तीन वर्षांपूर्वी, ठेवणीतले कपडे घालून, तू माझ्या कचेरीत आलीस. तीन ब्रश पांढऱ्या कागदात, प्रत्येकावर दोरा. आल्या आल्या आमच्या शिपायाच्या कोटावरून ब्रश फिरवून त्याला चकचकीत करून दाखवलंस आणि सगळ्या कचेरीला हसवलंस. शेजारच्या बाईने पुन्हा विचारलं, कोण? तोवर मी मोठी अधिकारी झाले होते, कुणाच्या बापाला भीत नव्हते. म्हटलं, माझी वहिनी. किती सोपं होतं ते. इतकं सोपं असेल हे मला आठ वर्षांपूर्वी कळलं असतं तर.

तू गेल्यावर मी नमुन्यांच्या खोलीत गेले. तिथे लांब टेबल आहे, वर पांढरा दिवा, त्याखाली सगळ्या वस्तू फार गरीब दिसतात. तुझे तीन ब्रश काढून ठेवले. चांगले होते. फक्त एकात एक केस ओळीतून जरासा बाहेर आला होता. एकच केस, वहिनी. मी तो बघत उभी राहिले आणि मनात आलं, ही शिकली ती लग्नानंतर, हिच्या बायका शिकल्या त्या काल-परवा, आणि तिकडचं गिऱ्हाईक नाकावर माशी बसू न देणारं. मग मी खाली जाऊन ड्रॉवरमधून दादाचे ब्रश आणले. त्याच्या शर्टाच्या कापडातून काढले. एकही केस इकडचा तिकडे नव्हता. आणि नमुन्यांसाठीच्या तीन कापडी पिशव्यांत मी त्याचे ब्रश घातले. तुझ्या नावाची चिठ्ठी लावली, लाखेचं सील केलं, वहीत सही केली.

हे मी का केलं याची दोन उत्तरं माझ्याकडे आहेत आणि मी तुला दोन्ही देणार आहे. एक असं, की दादाचे ब्रश इतकी वर्षं अडवून ठेवल्याची टोचणी होती, आणि वाटलं की उशिरा का होईना, त्याच्या हातचं काम समुद्रापलीकडे जाऊ दे. हे उत्तर मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलंय, ऐकायला बरं वाटतं. दुसरं असं, की तुझ्या हातावर माझा विश्वास नव्हता. पहिल्या वेळी मला भावाची लाज वाटली आणि दुसऱ्या वेळी भावजयीच्या कामाची. वाटलं, एकदा नमुना पास होऊ दे, पुढचा माल ही करेल कसाबसा तसा. डाव्या-उजव्याचा विचार माझ्या डोक्यात आलाही नाही. आयुष्यभर त्या बाकासमोर पाय हलवत बसलेली मी, मला ते सुचलं नाही.

दीड महिन्याने मंजुरी आली. मी स्वतः पत्र घेऊन आले होते, तुला आठवतंय. तू ते चौकटीत घालून भिंतीवर लावलंस आणि सीलबंद पिशवी दादाच्या फोटोखालच्या फळीवर ठेवलीस. मग फोटोकडे बघून म्हणालीस, "बघा, पास झाला माझा हात. तुम्ही म्हणायचात ना, वेळ लागेल म्हणून." बायका हसल्या, मावशींनी डोळे पुसले, आणि मी पाण्याचा पेला तोंडाला लावून उभी राहिले. तेव्हा बोलायला हवं होतं. बोलायच्या जागा पुष्कळ होत्या, पण त्या सगळ्यांत ती जागा सोपी होती. तुझा आनंद मोडवत नाही, असं मी मनाला म्हटलं. तुझ्या आनंदाच्या आड मी स्वतःलाच सांभाळत होते.

पहिला माल तयार झाला, बाराशे ब्रश. आमच्या तपासनिसांना तू ओळखतेस, ते उंच, बारीक, बोटांनी बघणारे. त्यांनी कचेरीच्या कपाटातली पिशवी उघडली, नमुना आणि तुझा माल शेजारी ठेवून दोन्हींवरून तळहात फिरवला. माल उत्तम होता. त्यांनी मला तसं सांगितलं, "माल उत्तम आहे मॅडम, पण नमुन्यासारखा नाही. केसांचा कल उलटा आहे." मग जरा थांबून म्हणाले, "हा नमुना डावखुऱ्या माणसाच्या हातचा वाटतो. तिथे कुणी डावखुरं आहे का?" मी म्हटलं, "मला कल्पना नाही." माझ्या सख्ख्या भावाबद्दल, वहिनी. त्यांनी अहवाल लिहिला, नियमाप्रमाणे एकाच ओळीचा, 'केसांचा कल नमुन्याच्या उलट, सबब माल नमुन्याशी जुळत नाही.' माल उत्तम आहे, हे तोंडी सांगितलेलं कागदावर आलं नाही. तुझ्यापर्यंत कागद गेला, आणि मी तोंडी काही पोचवलं नाही. तू वाचलंस ते एवढंच, की तुमचं काम वाईट आहे.

पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. कल उलटा म्हणजे काय, हे तुला काही केल्या समजेना. तू उजव्या हाताची, शिकवलेल्या बायका उजव्या हाताच्या, मग नमुन्याचा कल डावा कसा? दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, नमुना बदलला गेला. तुझ्या मनात हे आलं नाही, कारण नमुने तू माझ्या हातात दिले होतेस. म्हणून तू स्वतःवर शंका घेतलीस. त्या तीन ब्रशांच्या वेळी मीच काहीतरी वेगळं केलं असणार, कशी बसले होते, कोणत्या बाजूने ओढलं होतं, असं आठवत बसायचीस. चिमणीने सुचवलं की आई, फळीवरची पिशवी उघडून बघून टाक एकदाची, तर तू तिच्यावर केवढी चिडलीस. सील तुटलं तर सौदा जाईल, आत्याने सांगितलंय. हो, आत्यानेच सांगितलं होतं. आणि मग तू कचेरीत आलीस आणि मला म्हणालीस, "तुझ्या कपाटातला तेवढा एकदा दाखव ना. नुसता लांबून. मी तेव्हा कसं ओढलं होतं ते बघते." मी म्हटलं, नियमात बसत नाही. बसतं, वहिनी. कारागिराला कचेरीतला नमुना बघायचा हक्क आहे, अर्ज करायचा आणि समोर बसून बघायचा, दर आठवड्याला कोणी ना कोणी बघून जातं. तू पर्स उचललीस, 'बरोबर आहे, तुझी नोकरी आहे' म्हणालीस आणि जिना उतरून गेलीस. गुडघा तेव्हाही दुखत होता, कठड्याला धरून उतरत होतीस.

मग तू बायकांना उलटं ओढायला शिकवलंस. उजव्याच हाताने, पण मनगट बाहेरच्या बाजूला पिळून. महिना, दोन महिने, सहा महिने. मी यायचे तेव्हा खोलीत पूर्वीसारख्या गप्पा नसायच्या, सगळ्या दात आवळून बसलेल्या. मावशींचं मनगट सुजलं, त्यांनी पट्टी बांधून काम केलं, आणि शेवटी त्यांना पेला उचलता येईना तेव्हा त्या घरी बसल्या. जाताना त्या तुझी माफी मागत होत्या. त्या माफीच्या वेळी मी दारातच उभी होते. पिळलेल्या हाताने जुडी घट्ट बसत नाही, केस गळतात. दुसऱ्या खेपेचा माल आमच्या तपासनिसांनी त्या कारणाने नाकारला, आणि ते खरं कारण होतं. म्हणजे चांगलं काम करणाऱ्या बायकांना माझ्या खोट्या नमुन्याने वाईट काम करायला शिकवलं. आणि तू म्हणतेस तुझा हात गेला. तुझा हात कुठे गेला नाही. तुझ्याच हातासारखं करायचं म्हणून तू दोन वर्षं दुसऱ्याच्या हाताच्या मागे धावत राहिलीस, आणि तो दुसरा हात कुणाचा, हे एकट्या मलाच माहीत होतं.

तुझे ते तीन ब्रश मी फेकले नाहीत. त्यातला ओळीबाहेर केस आलेला मी घरी आणला. का आणला ते विचारू नकोस. तीन वर्षं रोज सकाळी मी त्याने कोट झाडून कचेरीत जाते. त्यातला एक केस गळलेला नाही. तो बाहेर आलेला केससुद्धा तिथेच आहे, अगदी तसाच. रोज सकाळी तो मला दिसतो.

काल सकाळी मी साहेबांकडे गेले आणि सगळं लिहून दिलं, तारखांसकट. उरलेले दोन ब्रश त्यांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, बाई, तुम्ही मला हे सांगितलं नसतंत तर मला कधीच कळलं नसतं. मी म्हटलं, हो. माझी चौकशी होईल, व्हायलाच पाहिजे, तू त्यात पडू नकोस. परदेशातल्या गिऱ्हाइकाला कचेरी खरं काय ते कळवणार आहे. ते काय म्हणतील मला माहीत नाही आणि मी तुला कसलीही आशा लावत नाही. कदाचित सौदा जाईल. पण गेला तर माझ्यामुळे गेला असं कागदावर असेल, तुझ्या हातामुळे नाही. मावशींकडे मी उद्या स्वतः जाणार आहे. त्या मला घरात घेतील की नाही, बघू. हे सगळं करून मला हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालेलं नाही. मला माहीत आहे की मी या पत्राने तुझ्याकडून एक गोष्ट काढूनही घेतेय. भिंतीवरच्या त्या चौकटीत तुझं नाव आहे आणि मंजुरी दादाची आहे. तुझ्या आयुष्यातला तो एक निखळ आनंदाचा दिवस होता, आणि आता तोही तसा राहणार नाही. मला माफ कर असं लिहायला माझा हात धजत नाही. तू रागाव. पुष्कळ रागाव. पण स्वतःवर नको.

या पत्राबरोबर पार्सल आहे. त्यात दोन वस्तू आहेत. एक, तुझा ब्रश, माझ्या घरचा. तो आला की मावशींना आणि चिमणीला साक्षीला बसव आणि फळीवरची पिशवी खाली काढ. सील तोड. आमच्या नियमात हे खरोखर आहे, कारागिराने दोन साक्षीदारांसमोर आपली प्रत उघडली की जुना नमुना रद्द होतो आणि त्याला नवा देता येतो. मी तुला अर्धाच नियम सांगितला होता. आतून दादाचा ब्रश निघेल. तो इतकी वर्षं त्याच्याच फोटोखाली बसलाय. तो आणि तुझा, दोन्ही बाकावर समोरासमोर ठेव, तुम्ही बसायचात तसे, आणि वरून तळहात फिरव. उलटे नाहीत ते. दोन्हींचे केस एकाच बाजूला झुकलेले दिसतील. आणि पार्सलमधली दुसरी वस्तू म्हणजे तुझा अर्ज. खरं तर मी पत्र त्याच्यासाठीच लिहायला बसले. अर्ज नामंजूर करायचा तर शेऱ्याला एकच ओळ असते, आणि त्या ओळीत हे सगळं मावलं नसतं. चौकशी सुरू होईपर्यंत सहीचा अधिकार माझ्याकडे आहे, म्हणून आज दुपारी ती ओळ लिहिली आणि खाली सही केली. 'नमूद केलेले कारण खरे नाही. अर्ज परत.' सुताराला नको म्हणायचं की नाही, ते मात्र तू ठरव.

तू म्हणू दिलंस तर अजूनही तुझीच,
नणंदबाई